भाषेची शालेय पाठ्यपुस्तके सरकार कशी मंजूर करते, कशी निवडते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, पालक, नवे लेखक आणि छोटे प्रकाशक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक माहिती आहे, अडचणीचे आणि अपवादाचे प्रश्न शेवटाकडे आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सरकारने पुस्तक 'मंजूर' केलं म्हणजे नेमकं काय केलं?

पुस्तक ठरलेल्या अभ्यासक्रमात बसते, त्यात ठळक चुका नाहीत आणि ते शाळेत वापरायला हरकत नाही, एवढेच मंजुरी सांगते. ते उत्तम आहे किंवा तुमच्या वर्गाला झेपेल, याची हमी त्यात नसते.

मंजुरी, निवड आणि खरेदी ही तीन वेगळी कामे आहेत. पहिल्यात परीक्षक पुस्तक तपासतात. दुसऱ्यात शाळा किंवा जिल्हा मंजूर यादीतून एक पुस्तक घेतो. तिसऱ्यात किती प्रती, कोणत्या कागदावर, किती दराने हे ठरते. तिन्ही कामे एकाच यंत्रणेकडे असली की त्यांतला फरक दिसेनासा होतो आणि निकृष्ट छपाईची तक्रार लेखकांकडे जाते.

२. सगळ्या देशांत सरकारच पुस्तक ठरवतं का?

नाही. ढोबळमानाने चार पद्धती आहेत.

पहिलीत सरकार स्वतःच पुस्तक तयार करते. मेक्सिकोत १९५९ पासून मोफत पाठ्यपुस्तकांसाठी राष्ट्रीय आयोग आहे. चीनमध्ये २०१७ मध्ये राष्ट्रीय पाठ्यपुस्तक समिती नेमली गेली आणि भाषा, इतिहास व नीतिशिक्षण या विषयांची देशभर एकच पुस्तके लागू होऊ लागली. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांसाठी हे काम २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या 'बालभारती'कडे आहे.

दुसरीत खासगी प्रकाशक पुस्तके तयार करतात, सरकार तपासून यादी लावते आणि यादीतून निवड होते. जपान आणि ब्राझील ही याची ठळक उदाहरणे.

तिसरीत मंजुरीच नसते. फ्रान्समध्ये शिक्षक बाजारातून पुस्तक निवडतात. स्वीडनने १९९१ मध्ये आणि नॉर्वेने २००० मध्ये मंजुरीची पद्धत बंद केली.

चौथी म्हणजे यांची सरमिसळ. दक्षिण कोरियात बऱ्याच विषयांची पुस्तके खासगी प्रकाशकांची असतात, पण प्राथमिक शाळेतले कोरियन भाषेचे पुस्तक सरकारने स्वतःकडे ठेवले आहे. अमेरिकेत काही राज्ये यादी लावतात, बाकीच्या राज्यांत स्थानिक शिक्षण मंडळे आपापले ठरवतात. कॅलिफोर्नियात तर राज्याची यादी आठवीपर्यंतच असते आणि पुढे जिल्हा ठरवतो. जर्मनीतही राज्यागणिक नियम वेगळे आहेत.

कोरिया आणि चीन यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. सरकारे इतर विषयांवरचा ताबा सैल करायला तयार होतात, भाषेच्या पुस्तकावरचा मात्र सहसा शेवटपर्यंत सोडत नाहीत. मुलाच्या हाती पहिल्यांदा येणारे पुस्तक तेच असते ना!

३. अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक यांत फरक काय?

अभ्यासक्रम मुलाला काय यायला हवे ते सांगतो : 'ऐकलेल्या गोष्टीतला घटनाक्रम स्वतःच्या शब्दांत सांगतो.' पाठ्यक्रम ते इयत्तांमध्ये आणि तासांमध्ये विभागतो. पाठ्यपुस्तक म्हणजे तिथवर पोहोचण्याची एक वाट.

परीक्षक पुस्तक अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात. त्यामुळे अभ्यासक्रमातले वाक्य मोघम असेल तर मंजुरीही मोघम होते. 'भाषेची गोडी लागावी' हे उद्दिष्ट कोणत्याही पुस्तकाला लागू पडते, त्यावर पुस्तक नाकारता येत नाही.

४. टप्पे कोणते आणि एकूण वेळ किती लागतो?

अभ्यासक्रम पक्का झाल्यापासून पुस्तक वर्गात येईपर्यंत दीड ते तीन वर्षे धरून चाला. क्रम साधारण असा असतो :

निकष आणि तांत्रिक तपशील जाहीर होतात. प्रकाशक ठरलेल्या तारखेपर्यंत नमुना प्रती देतात. कागदपत्रांची छाननी होते. परीक्षक स्वतंत्रपणे वाचतात, मग एकत्र बसून एकच अहवाल करतात. प्रकाशकाला शेरे कळवले जातात, तो दुरुस्त्या करून देतो आणि दुरुस्त प्रत पुन्हा तपासली जाते. मंजुरी मिळते, यादी लागते, निवड होते, मागणी नोंदवली जाते, छपाई आणि वाटप होते.

जपानमध्ये हे चक्र चार वर्षांचे आहे. पहिल्या वर्षी प्रकाशक पुस्तक तयार करतो, दुसऱ्या वर्षी मंत्रालय तपासते, तिसऱ्या वर्षी स्थानिक शिक्षण मंडळे निवड करतात आणि चौथ्या वर्षी पुस्तक मुलांच्या हाती येते.

घाई झाली की सगळ्यात आधी कात्री लागते ती दुरुस्त प्रतीच्या फेरतपासणीला आणि वर्गातल्या चाचणीला. दुरुस्ती करताना नव्या चुका शिरतात आणि त्या थेट छापखान्यात जातात. शब्दसूचीतला पृष्ठक्रमांक चुकणे, स्वाध्यायात काढून टाकलेल्या परिच्छेदावरचा प्रश्न तसाच राहणे, हे दोन प्रकार हमखास सापडतात.

५. परीक्षक कोण असतात? लेखकाचं नाव त्यांना माहीत असतं का?

चांगल्या मंडळात निदान चार प्रकारची माणसे हवीत : त्या इयत्तेला आज शिकवणारे शिक्षक, भाषाशास्त्राचा जाणकार, बालसाहित्याची जाण असलेला संपादक आणि वाचन शिकवण्याच्या पद्धतींचा अभ्यासक. बहुतेक ठिकाणी साहित्यिक आणि प्राध्यापक भरपूर असतात, पहिलीच्या बाई मात्र एखाद्याच असतात. मग उताऱ्यांवर तासन्‌तास चर्चा होते आणि अक्षरांच्या क्रमावर दहा मिनिटे.

ओळख लपवण्याची सोय अनेक देशांत आहे. जपानमध्ये तपासणीसाठी येणाऱ्या प्रतीचे मुखपृष्ठ कोरे पांढरे असते, त्यावर लेखक किंवा प्रकाशक यांचे नाव नसते. ब्राझीलच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तक कार्यक्रमातही ओळखीच्या खुणा काढलेली प्रत मागवण्याची पद्धत रूढ झाली. तरी एखाद्या मालिकेची चित्रशैली जाणकाराला दोन पानांत ओळखू येते. म्हणून परीक्षकाकडून हितसंबंध नसल्याचे लेखी घ्यावे लागते : गेल्या काही वर्षांत या प्रकाशकाकडून मानधन घेतले नाही, घरातले कोणी तिथे नोकरीला नाही, स्वतःचे गाइड बाजारात नाही. तिसरा मुद्दा अर्जात बहुधा विसरला जातो.

६. गणितासारखं बरोबर-चूक भाषेत नसतं. मग परीक्षक तपासतात तरी काय?

उताऱ्यांची निवड, भाषेची शुद्धता, चित्रे आणि समाजातल्या निरनिराळ्या गटांचे चित्रण हे सगळेच तपासतात. घरातल्या कामांत फक्त आई दिसते का, खेड्यातला माणूस फक्त विनोदापुरता येतो का, हे मोजताही येते. कृती करणारी पात्रे मोजा, चित्रांतली माणसे मोजा.

खरे काम त्याच्या पुढे सुरू होते आणि तिथे लक्ष कमी जाते. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चढण. तिसऱ्या धड्यातली वाक्ये आणि तेराव्या धड्यातली वाक्ये यांच्या लांबीत व रचनेत फरक दिसतो का? अनेक पुस्तकांत धड्यांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. अशा पुस्तकात चढणच नाही, तो नुसता वेचे-संग्रह झाला.

दुसरी, शब्दांची पुनर्भेट. नवा शब्द एकदा येऊन कायमचा गेला तर तो मुलाजवळ राहत नाही. धड्याखालच्या शब्दार्थांतले दहा शब्द घ्या आणि ते पुढच्या पाच धड्यांत किती वेळा आले ते शोधा. उत्तर बहुधा शून्य येते.

तिसरी, प्रश्नांचा कस. हे वाक्य वाचा : 'खमटी झुरावात फेंदली.' आता प्रश्न : 'खमटी कुठे फेंदली?' उत्तर 'झुरावात', पूर्ण गुण! वाक्याला काडीचाही अर्थ नाही आणि तरी उत्तर बरोबर आले. स्वाध्यायातले किती प्रश्न असे नुसत्या उचलेगिरीने सुटतात ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर ते पुस्तक आकलन शिकवत नाही, डोळ्यांनी शब्द शोधायला शिकवते.

चौथी, ऐकणे आणि बोलणे. अभ्यासक्रमात चारही कौशल्ये असतात, पुस्तकात वाचन आणि लेखन एवढीच उरतात. 'चर्चा करा' एवढे लिहिलेली चौकट म्हणजे कृती नव्हे. कोणी, किती जणांत, कशावर आणि शेवटी काय सांगायचे, हे त्यात हवे.

७. पहिलीच्या पुस्तकाला वेगळे निकष का लावतात?

कारण तिथे मूल वाचून शिकत नसते, वाचायलाच शिकत असते. इथे तपासायची गोष्ट एकच : या पानापर्यंत शिकवलेल्या अक्षरांवर आणि स्वरचिन्हांवर या पानावरचा मजकूर वाचता येतो का?

मराठीत 'गमभन' हा शब्दच मुळाक्षरांचा पर्याय झाला आहे. ग, म, भ, न या अक्षरांना शेवटी उभा दंड आहे, वळणे जवळची आहेत, म्हणून ती एकत्र शिकवायला सोयीची. समजा पाचव्या पाठापर्यंत ग, म, भ, न, र, ब, घ आणि काना एवढे झाले आहे. पाठात मजकूर आहे : 'आजी बागेत गेली. तिने मोगरा तोडला.' मोठ्या माणसाला हे सोपे आणि गोड वाटते. प्रत्यक्षात आ, ज, त, ल, ड ही अक्षरे झालेली नाहीत. दोन्ही वेलांट्या, एक मात्रा आणि काना-मात्राही बाकी आहे. सहा शब्दांपैकी एकही शब्द मुलाला अक्षर लावून वाचता येत नाही. मग मूल चित्र पाहून पाठ म्हणते आणि सगळ्यांना ते वाचते आहे असे वाटते. तेवढ्याच अक्षरांत 'नमा, घर बघ. मामा, बाग बघा.' हे लिहिता येते. ते रुक्ष वाटते, पण मुलाने ते स्वतः वाचलेले असते.

म्हणून परीक्षकाने तक्ता करावा : एका रकान्यात पाठ, दुसऱ्यात त्या पाठात नवे काय आले, तिसऱ्यात न शिकवलेल्या चिन्हांमुळे अडणारे शब्द. एका दुपारचे काम आहे. याचा अर्थ पुस्तकात गाणी-गोष्टी नकोत असा नाही. मोठ्याने वाचून दाखवायचा मजकूर आणि मुलाने स्वतः वाचायचा मजकूर यांना वेगळी खूण हवी, इतकेच.

इंग्लंडमध्ये पाठ्यपुस्तकांना सरकारी मंजुरी लागत नाही, तरीही ध्वनी-अक्षर जोडीवर आधारलेल्या वाचन कार्यक्रमांची तपासून घेतलेली यादी शिक्षण खाते २०२१ पासून प्रसिद्ध करते. बाकीच्या इयत्तांना मोकळीक आणि पहिलीला यादी, यामागचे कारण हेच.

८. पुस्तकात धडा-कविता घेताना लेखकाची परवानगी लागते का? मजकूर बदलता येतो का?

हे त्या त्या देशाच्या कायद्यावर आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमात शिक्षणासाठीच्या संकलनाला मर्यादित सवलत आहे : संकलनातला बहुतांश मजकूर हक्कमुक्त असावा, घेतलेले वेचे छोटे असावेत आणि एकाच प्रकाशकाने एका लेखकाचे दोनहून जास्त वेचे पाच वर्षांत घेऊ नयेत. बाहेर पडलात की लेखी परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य हक्कमुक्त होते.

बदलाचा प्रश्न वेगळा आहे. ५७ वे कलम लेखकाचा नैतिक हक्क मान्य करते : प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास तो दाद मागू शकतो. संक्षेप करायचा तर परवानगीच्या पत्रातच तसे लिहून घ्यावे आणि पुस्तकात 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतरित' असे छापावे. चित्रांसाठीही स्वतंत्र परवानगी लागते. प्रकाशकांच्या फायलींत नेमके हेच कागद नसतात आणि प्रस्ताव छाननीतच परत येतो.

९. प्रमाणभाषाच का? बोलीतला धडा चालतो का?

बहुतेक यंत्रणांत सूचना, शीर्षके, व्याकरण आणि स्वाध्याय प्रमाणभाषेत लागतात. संवाद आणि साहित्यिक उतारे बोलीत चालतात. मराठीत लेखनाचा आधार म्हणजे मराठी साहित्य महामंडळाचे नियम : १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार, असे अठरा. त्यांतच पात्राच्या तोंडी आलेली बोली उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. त्यामुळे बोलीतल्या संवादाला 'अशुद्ध' असा शेरा मारणारा परीक्षक नियमाविरुद्ध जातो.

खरा घोळ होतो तो अनुस्वारात. निवेदनात 'घर बांधले' आणि संवादात 'घर बांधलं' हे दोन्ही बरोबर. एकाच निवेदनात दोन्ही मिसळले तर चूक. लेखक एक, संपादक दुसरा आणि दुरुस्ती करणारा तिसरा असला की ही भेसळ ठरलेली.

१०. अक्षरांचं वळणही तपासतात?

हो, आणि खालच्या इयत्तांत ते फार महत्त्वाचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयांनी मराठी वर्णमालेची रूपे निश्चित केली आहेत. त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणे आहेत. अनेक फॉन्टमध्ये ही रूपे वेगळी साठवलेली असतात. अक्षरजुळणी करताना मजकुराला 'मराठी' ही भाषा नेमून दिली नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. फळ्यावर एक ल आणि पुस्तकात दुसराच! मंजुरीसाठी पाठवण्याआधी छापील नमुन्यावर ही दोन अक्षरे आणि र ची जोडाक्षरे (ऱ्य, र्य, ट्र) भिंगातून पाहा. पडद्यावर पाहून भागत नाही, छापखान्याच्या फाइलमध्ये फॉन्ट बदललेला असू शकतो.

जपानमध्ये हाच काटेकोरपणा चिनी लिपीतून आलेल्या कांजी चिन्हांबाबत आहे. प्राथमिक शाळेची १,०२६ चिन्हे इयत्तांमध्ये वाटून दिलेली आहेत. भाषेच्या पुस्तकाला ही वाटणी धरूनच चालावे लागते.

११. प्रस्ताव नाकारला जाण्याची नेहमीची कारणे कोणती?

मजकुरापेक्षा कागदपत्रांवर जास्त प्रस्ताव अडतात : मुदतीनंतर सादर केले, परवानगीपत्रे नाहीत (प्र. ८), शिक्षक-मार्गदर्शिका जोडली नाही, प्रतीवर प्रकाशकाची खूण राहिली (प्र. ५). मजकुरात मुख्य कारण म्हणजे अभ्यासक्रमातली उद्दिष्टे सुटणे. त्यावर उपाय म्हणून प्रकाशक 'उद्दिष्ट-पृष्ठ तक्ता' जोडतात आणि त्यात अर्धी पाने नुसती भरतीला टाकतात. परीक्षकाने त्या तक्त्यातल्या कोणत्याही पाच नोंदी उघडून पाहाव्यात. तीन पोकळ निघाल्या तर सगळा तक्ता तपासावा.

१२. स्वस्त पुस्तकच निवडलं जातं का?

नीट रचलेल्या खरेदीत नाही. दोन लिफाफा पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडतात, किमान गुण मिळवणाऱ्यांचाच आर्थिक लिफाफा फोडतात. गुणवत्तेला आणि किमतीला किती वजन हे आधी जाहीर करावे लागते. किमतीला जास्त वजन दिले की पातळ कागद आणि लहान अक्षरे येतात.

पाहायच्या गोष्टी : आतला कागद ७० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरमागे ७० ग्रॅम वजनाच्या) आसपास आणि मागच्या पानाची शाई पुढे न दिसणारा. मुखपृष्ठ २०० जीएसएम किंवा अधिक. पहिलीसाठी अक्षर १८ ते २४ पॉइंट. पुस्तक सहसा १६ पानांच्या फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या गठ्ठ्यांत) छापले जाते. मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यात 'आणखी एक कविता घाला' म्हटले की दोन पाने वाढत नाहीत, अर्धा किंवा अख्खा फर्मा वाढतो आणि ठरलेला दर कोलमडतो. म्हणून घालायला सांगणाऱ्याने काय काढायचे तेही सांगावे.

१३. मंजूर यादीत पाच पुस्तकं आहेत. शाळेने त्यातून कसं निवडावं?

ब्राझीलमध्ये सरकार परीक्षणासह मार्गदर्शक यादी देते आणि शाळा पहिली व दुसरी पसंती कळवते. जपानमध्ये सार्वजनिक शाळांसाठी स्थानिक शिक्षण मंडळ ठरवते, खासगी शाळांत मुख्याध्यापक. निवड कोणीही करो, पद्धत सारखीच असावी. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन धडे घ्या. प्र. ६ मधल्या चार कसोट्या लावा. मग एक धडा प्रत्यक्ष वर्गात शिकवा. कृती ठरलेल्या तासात बसते का, सूचना मुलांना न समजावता कळतात का, हे वर्गातच कळते.

प्रकाशकाचे प्रतिनिधी, भेटी आणि 'मोफत प्रशिक्षण' यांपासून सावध राहा. जपानमध्ये प्रकाशकांनी तपासणीतली पुस्तके आधीच शिक्षकांना दाखवून त्यांना पैसे दिल्याचे २०१५-१६ मध्ये उघड झाले होते. आलेल्या भेटीची नोंदवही ठेवणे हा साधा उपाय आहे.

१४. माझ्या हातातलं पुस्तक मंजूर आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

मुखपृष्ठाच्या आतले श्रेयनामावलीचे पान वाचा. बालभारतीच्या पुस्तकावर शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक, ज्या समन्वय समितीच्या बैठकीत पुस्तक निर्धारित झाले तिची तारीख, विषय समिती आणि अभ्यासगट यांची नावे, कागदाचा प्रकार, मुद्रणादेश आणि मुद्रक हे सगळे छापलेले असते. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांची वर्षे वेगळी असतात. पुनर्मुद्रणातही दुरुस्त्या होतात, म्हणून मोठ्या भावंडाचे पुस्तक वापरणाऱ्यांनी दोन्ही प्रती ताडून पाहाव्यात. 'नव्या अभ्यासक्रमावर आधारित' एवढेच छापलेले असेल तर ती मंजुरी नव्हे, जाहिरात आहे.

१५. छापून आलेल्या पुस्तकात चूक सापडली तर?

चुकीचे तीन प्रकार करा : छपाईची, तथ्याची आणि मताची. पहिल्या दोन प्रकारांसाठी इयत्ता, विषय, आवृत्तीचे वर्ष, पान, ओळ, चुकलेला मजकूर आणि सुचवलेला मजकूर असे लिहून मंडळाला कळवा, पानाचा फोटो जोडा. मंडळ शुद्धिपत्रक काढते आणि पुढच्या पुनर्मुद्रणात बदल करते. शुद्धिपत्रक शाळेपर्यंत पोहोचते पण पानावर चिकटत नाही, म्हणून शिक्षकाने पहिल्याच दिवशी मुलांकडून पेन्सिलीने दुरुस्ती करून घ्यावी. मतभेदासाठी प्र. २० पाहा.

१६. मंजूर नसलेलं पुस्तक किंवा व्यवसायमाला (सरावाची पुस्तिका) वर्गात वापरली तर चालते का?

पूरक म्हणून बहुतेक ठिकाणी चालते. मुख्य पुस्तकाऐवजी नाही, आणि विकत घेण्याची सक्ती करून तर नाहीच. परीक्षा मंजूर पुस्तकावर असेल तर जोखीम मुलांच्या माथी येते.

१७. दुसऱ्या किंवा परक्या भाषेच्या पुस्तकाला तेच निकष लागतात का?

नाही. तिथे मुलाच्या कानावर ती भाषा आधी पडलेली नसते, म्हणून शब्दांचा भार काटेकोर मोजावा लागतो. मजकुरातले शंभरांपैकी ९५ शब्द ओळखीचे असतील तर कसाबसा अर्थ लागतो आणि ९८ असतील तर मदतीशिवाय वाचता येते, असे शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांमध्ये सर्वसाधारणपणे मानले जाते. पातळीसाठी अनेक देश युरोपीय परिषदेची २००१ ची 'ए१' ते 'सी२' ही सहा पायऱ्यांची चौकट वापरतात. पण मुखपृष्ठावर 'ए२' छापायला कोणाची परवानगी लागत नाही. आतल्या कृती त्या पायरीच्या वर्णनाशी ताडून पाहाव्या लागतात.

नेहमीची चूक म्हणजे प्रथम भाषेच्या पुस्तकातले सोपे धडे उचलून द्वितीय भाषेचे पुस्तक करणे. मातृभाषेच्या मुलाला सोपा वाटणारा 'गेला होता, गेलेला होता' हा फरक बाहेरून आलेल्या मुलाला सहा महिने छळतो.

१८. बोलणारे कमी असलेल्या भाषेसाठी कोणी प्रकाशकच पुढे येत नाही. मग?

स्पर्धेवर उभी असलेली पद्धत इथे कोसळते. प्रती कमी, म्हणून प्रतीमागे खर्च जास्त, म्हणून प्रकाशक नाही. अशा वेळी सरकारला स्वतः पुस्तक करावे लागते किंवा अनुदान द्यावे लागते. नॉर्वेने मंजुरी सोडली, पण तिथल्या बुकमॉल आणि न्यूनॉर्स्क या दोन्ही लिखित रूपांत शालेय पुस्तके एकाच वेळी आणि एकाच किमतीत उपलब्ध हवीत हा कायद्याचा आग्रह सोडला नाही. गणिताचे पुस्तक अनुवादित करता येते, भाषेचे मात्र नाही. मोठ्या भाषेतल्या पुस्तकाचा अनुवाद करून 'भाषेचे पुस्तक' म्हणून देणे हा सर्रास होणारा प्रमाद आहे. त्यातला अक्षरक्रम, यमके आणि व्याकरण मूळ भाषेचेच राहते.

१९. अंध किंवा अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते का?

मजकूर तोच असेल तर सहसा नाही, पण रूपांतराची सोय मंजुरीच्या अटींतच हवी. अमेरिकेत २००४ च्या विशेष शिक्षण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर यासाठी ठरावीक स्वरूपातली फाइल प्रकाशकांकडून मागवली जाते. वाचनअक्षमांसाठीच्या २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. भाषेच्या पुस्तकात 'चित्र पाहून गोष्ट सांगा' ही कृती ब्रेलमध्ये कोरी उरते. तिचा पर्याय लेखकानेच द्यायचा असतो, रूपांतर करणाऱ्याने नव्हे.

२०. एखाद्या धड्यावरून वाद झाला आणि तो काढायची मागणी झाली, तर निर्णय कोण घेतं?

ज्याने मंजुरी दिली त्याने, आणि त्याच पद्धतीने : लेखी हरकत, परीक्षकांचे मत, कारणांसह निर्णय. प्रत्यक्षात बरेचदा मंत्र्यांच्या तोंडी घोषणेवर धडा जातो आणि पुस्तकाचा क्रम विस्कटतो, कारण त्या धड्यात आलेले व्याकरण पुढच्या तीन धड्यांचा पाया असते. वगळायचेच असेल तर तेवढ्याच पानांचा आणि त्याच घटकांचा बदली धडा तयार हवा.

टेक्सासमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने तयार केलेले प्राथमिक वाचन साहित्य त्यातल्या बायबलच्या संदर्भांमुळे गाजले आणि राज्य शिक्षण मंडळात ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाले. ते घेणे ऐच्छिक आहे, पण घेणाऱ्या जिल्ह्यांना विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो. म्हणून 'ऐच्छिक' हा शब्द वाचताना निधीची अटही वाचावी.

२१. शुद्धलेखनाचे नियमच मध्ये बदलले तर मंजूर पुस्तकांचं काय होतं?

संक्रमणकाळ दिला जातो. त्या काळात दोन्ही रूपे बरोबर धरतात. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज लेखनाचे नवे नियम २००९ पासून आले आणि जुनी रूपे २०१५ च्या अखेरपर्यंत चालली. जर्मन लेखनसुधारणा १९९६ मध्ये ठरली, शाळांत १९९८ मध्ये आली आणि २००६ मध्ये तिच्यातच पुन्हा बदल करावे लागले, म्हणजे आठ वर्षांत दोनदा पुस्तके बदलली. नवे नियम खालच्या इयत्तेपासून चढत्या क्रमाने लागू करावेत. चौथीच्या मुलाला जुने सोडून नवे शिकवण्यापेक्षा पहिलीच्या मुलाला नवे शिकवणे सोपे असते. तोवर उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना दोन्ही रूपांची यादी लेखी द्यावी, नाहीतर एका वर्गात गुण मिळतात आणि शेजारच्या वर्गात कापले जातात.